कोळी ज्याला सोडून देतो

सुकेशनीला बघायला आलेले पाव्हणे चहा न पिता उठून गेले, ते साल दोन हजार बावीस. पोळा होऊन आठ दिवस झाले होते.

झालं असं की पाव्हण्यांतल्या एका बाईची नजर भिंतीच्या फळीवर गेली. फळीवर प्लास्टिकचे बारा डबे, प्रत्येकाच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधलेला. बाईनं कौतुकानं विचारलं, "काय ठेवलंय ह्याच्यात? खारोड्या का?"

"अळ्या हायत," सुकेशनी म्हणाली. "वाघपतंगाच्या."

बाईनं पदर आवरून घेतला. नवरदेवाचा मामा समजूतदार होता. तो म्हणाला, "शिकताय, चांगलं हाय. पर लग्न झाल्यावर हे बंद करावं लागंल."

"मंग लग्नच बंद करू," सुकेशनी म्हणाली.

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली तिची आजी सगुणाबाई मोठ्यानं हसली. सुकेशनीच्या बोलण्यानं जे अर्धं मोडलं होतं, ते आजीच्या हसण्यानं पुरतं मोडलं. सून नीलम, म्हणजे सुकेशनीची आई, दोन दिवस सासूशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "यंदाचं वरीस तिला दिलं. हे शिक्षण ह्या वर्षात पुरं झालं न्हाई तर पुढचा पाव्हणा मी ठरवीन, अन् तवा तुमी हसायचं न्हाई."

सगुणाबाईनं मान हलवली. पण तिच्या मनात ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं मोडून राहिलं.

सगुणाबाईचं सारं आयुष्य खुरप्यावर गेलं होतं. पोखर्णीच्या अलीकडच्या शिवारात असं एक रान नव्हतं की ज्याच्या ओळी तिनं बसल्या बसल्या सरकत पार केल्या नव्हत्या. बावन्नाव्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली आणि सही करून अंगठ्याची शाई कायमची पुसली. त्यामुळे परभणीच्या कॉलेजात शेतीचं मोठं शिक्षण घेणाऱ्या नातीनं जेव्हा कीटकांचा विषय घेतला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद हिलाच झाला. माणूस ज्याच्याजवळ जन्म काढतो त्याची विद्या असते, हे तिला नवीन होतं.

"पर ह्याला वाघ काऊन म्हनत्यात?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "एवढासा तर हाय. बोराएवढा."

"ह्या कुळातल्या पतंगांच्या अंगावर पट्टे, ठिपके असत्यात. भडक रंग. म्हणून."

"अन् भडक काऊन? बाकीचे पाखरं तर मातीत लपत्यात."

सुकेशनी हसली. "त्याला लपायचं कारणच न्हाई, आज्जी. त्याची अळी खुळखुळ्याच्या शेंगा खाती. त्या शेंगात ईष असतं. ढोर खाईल तर मरंल. पर ही अळी खाऊन ते ईष अंगात साठवून ठेवती. पतंग झाला तरी ते ईष संगं राहतं. मंग तो उजेडात, सगळ्यांच्या देखत हळूहळू उडतो. लाल, काळे ठिपके म्हणजे पाटी लावलीय त्यानं: मी कडू हाय, इचार करून तोंड लाव."

"आता कळलं!" सगुणाबाईनं मांडीवर थाप मारली. "कोळी त्याला काऊन सोडतो ते!"

"काय म्हणलीस?"

"अगं, खुरपताना लय बार बघितलंय मी. तुझा बाप पाठीला होता तवापासून. हा पांढरा ठिपक्याचा पतंग जाळ्यात अडकला का कोळी धावत येतो, हात लावून बघतो, अन् एक एक धागा तोडून त्याला खाली पाडतो. आमी बाया म्हनायचो, ह्याचं काई देणं लागत आसंल कोळी."

सुकेशनी उठून वही आणायला धावली. पुस्तकात जे होतं ते तिची आजी चाळीस वर्षांपूर्वी बांधावर बसून बघून आली होती. त्या दिवसापासून आजी तिची जोडीदारीण झाली. नर आपल्या अंगचं थोडं ईष मादीला देतो आणि मादी ते अंड्यांना लावते, म्हणजे अंड्यालाही मुंगी तोंड लावत नाही, हे सुकेशनीनं सांगितलं तेव्हा सगुणाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे बापानं लेकराच्या नावावर काई केलंच तर कडूपणा केला. बेस केलं. गोडाला सगळेच खात्यात."

खुळखुळा म्हणजे तण. पिवळी फुलं येतात, फुगीर शेंगा लागतात, वाळल्या की आत बिया खुळखुळ वाजतात. हे तण गावात सगळ्यात दाट उगवायचं ते बन्सीधरच्या बांधावर. बन्सीधरची सहा एकर सोयाबीन त्या बांधाला लागून होती. बांध त्याचा होता, ते कुणी नाकारत नव्हतं. सुकेशनीनं जूनमध्येच त्याला विचारलं होतं. "तण तर हाय, न्यायचं तर उपटून न्या," असं तो म्हणाला होता.

उपटायचं नव्हतं. साठ झाडं निवडायची, प्रत्येकाला खूण करायची आणि एक दिवसही न चुकता अंडी, अळ्या, पतंग मोजायचे, असं काम होतं. खुणेला कॉलेजातून आणलेली कागदी लेबलं पहिल्याच पावसात विरघळली. तेव्हा सगुणाबाईनं आपलं जुनं लाल सुती लुगडं फाडलं, त्याच्या साठ चिंध्या केल्या, प्रत्येकीवर पक्क्या शाईनं आपल्या जाड अक्षरात आकडा घातला आणि साठ झाडांना बांधल्या.

चूक झाली ती इथं. खुणेसाठी चिंधी बांधणं तिला इतकं साधं वाटलं की बघणारा काय म्हणेल हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्याच्या बांधावर, ओळीनं साठ झाडांना लाल चिंध्या, त्यावर आकडे! भादव्यात सोयाबीनची पानं जाळीसारखी व्हायला लागली, तेव्हा गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बाया म्हणाल्या, करणी. भानामती. बन्सीधरची बायको पार्वतीबाई पाच लिंबं घेऊन बांधाला फेरी मारून आली.

बन्सीधर स्वतः करणी मानणारा नव्हता. तो मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ बघायचा. त्यानं आपल्या अकलेनं वेगळं कारण काढलं. "करणी बिरणी काई न्हाई," तो चावडीवर म्हणाला. "ती पोरगी घरात डब्यात अळ्या पाळती अन् माझ्या बांधावर आणून सोडती. शिकायलीय म्हणं. माझ्या सोयाबीनवर शिकायलीय! गुरुवारी सकाळी बांध तणनाशकानं जाळून टाकतो."

ही बातमी बुधवारी दुपारी घरी आली. सुकेशनी वही मांडीवर घेऊन बसली होती. मोजणीचे पंधरा दिवस राहिले होते. मधे खंड पडला तर सगळी मोजणी वाया, आणि खुळखुळ्याचा हंगाम पुन्हा पुढच्या भादव्यात. नीलम चुलीपाशी होती. चुलीतलं लाकूड मागं ओढून ती सुकेशनीकडं बघत राहिली.

"मी जाऊन पाया पडू का त्यांच्या?" सुकेशनीनं विचारलं.

"पाया?" सगुणाबाई म्हणाली. "तुझा तो पतंग कोळ्याच्या पाया पडतो का?"

गुरुवारी दिवस कासराभर वर आला तेव्हा बन्सीधर आणि त्याचा पोरगा भागवत पंप घेऊन बांधावर आले. बांधाच्या तोंडाशी, पहिल्या चिंधीच्या झाडापुढं, सगुणाबाई मांडी घालून बसली होती. शेजारी पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं आणि दोन रिकामे डबे. मागं सुकेशनी उभी.

"जयभीम, बन्सीधरभाऊ," सगुणाबाई म्हणाली.

"रामराम. उठा, सगुणाबाई. औषध अंगावर उडंल."

"उडू द्या. साठ वरसं तुमच्या रानातलं तण मी काढलं. आता मलाच तण समजून फवारा."

भागवतनं पंप खाली ठेवला. "आजी, तुमी मधे पडू नका. तुमच्या नातीच्या अळ्यांनी आमची सोयाबीन खाल्ली. पानं बघा, चाळणी झालीय."

"तू खाताना बघितली?"

"बघायचं काय त्याच्यात? अळ्या हितं, सोयाबीन हितं."

"मंग आज बघू. हे दोन डबे हायत. दोन्हीत सोयाबीनचं ताजं पान अन् खुळखुळ्याची हिरवी शेंग टाक. एकात ह्या चिंधीच्या झाडावरच्या धा अळ्या टाक. दुसऱ्यात तुझ्या सोयाबीनवरच्या धा. तूच उचल, तूच टाक. नंतर म्हणू नको म्हातारीनं हातचलाखी केली. दिवस मावळंस्तोर बघू. आमच्या अळीनं सोयाबीनला तोंड लावलं तर पंप माझ्या हातात दे, मी फवारते."

"आज्जी!" सुकेशनी मागून हळूच म्हणाली.

"गप. तुझं पुस्तक खोटं हाय का?"

"न्हाई."

"मंग भ्यायचं काय कारण?"

बन्सीधरला हुज्जत घालायला आवडायचं, आणि पैज त्याहून. आतापर्यंत रस्त्यानं जाणारी चारदोन माणसंही थांबली होती. त्यांच्यात पंडित दूधवालाही होता. तो थांबला म्हणजे गाव थांबल्यासारखंच. बन्सीधर म्हणाला, "चला आखाड्यावर. सावलीत बसू. आज तमाशाच बघू." शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापुढच्या कडुलिंबाखाली, बाजेवर दोन्ही डबे मांडायचे ठरले.

भागवतनं चिंधीच्या झाडावरच्या दहा अळ्या काडीनं उचलल्या. काळ्या-पांढऱ्या, अंगावर नारंगी ठिपके, केस विरळ. मग तो सोयाबीनमध्ये शिरला. तिथल्या अळ्या तपकिरी, काळ्या, अंगभर दाट केस.

"हात लावू नको, खाजंल," सुकेशनीनं सांगितलं.

"मला शिकवू नको, सुकेशनी. सातवीपर्यंत माझ्याच मागच्या बाकावर होतीस," म्हणत त्यानं चिमटीनं उचलल्या. डबा बाजेवर ठेवेपर्यंत तो मनगट झाडाच्या खोडावर घासत होता. पार्वतीबाई आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "सांगायली होती ना ती? ऐकायचं कुणाचं म्हणून न्हाई, बापावर गेलाय नुस्ता."

मग सगळे बसले. आणि खाणाऱ्या जिवाकडे टक लावून बसणं हे काम फार सावकाशीचं असतं. केसाळ अळ्यांनी पानाची कड धरली ती सोडलीच नाही. दुपार व्हायच्या आत त्या पानाच्या शिरा तेवढ्या उरल्या. शेंगेकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या डब्यात ठिपक्यांच्या अळ्या आधी पानावरून फिरल्या, तेव्हा सगुणाबाई डब्यावर वाकली. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि बघत राहिली. एक अळी पानाच्या टोकाशी जाऊन थांबली. थांबली, थांबली आणि खाली उतरली. मग एकीनं शेंगेला भोक पाडलं आणि डोकं आत घातलं. तिच्यामागं दुसरी. दुपारनंतर दहातल्या आठ अळ्या अर्ध्या शेंगेत, अर्ध्या बाहेर अशा होत्या, आणि सोयाबीनचं पान सकाळी जसं तोडलं तसंच होतं, फक्त मलूल झालेलं.

पंडितनं वाकून पान उलटं-पालटं करून बघितलं. "बन्सीधर, दात न्हाई लागला."

बन्सीधरनं दोन्ही डबे उचलून डोळ्यांजवळ नेले. मग त्याला सुचलं. "सुकेशनी, खरं सांग. ही केसाळ अळी. हिचा पतंग कोणत्या कुळातला?"

सुकेशनीनं आजीकडं बघितलं. सगुणाबाईला उत्तर माहीत नव्हतं.

"सांग की," बन्सीधर म्हणाला. "मीबी मोबाइलवर बघितलंय."

"वाघपतंगाच्याच," सुकेशनी म्हणाली. "दोन्ही एकाच कुळातल्या हायत."

"ऐकलं?" बन्सीधर उठून उभा राहिला. "ऐका सगळे! तिच्याच तोंडानं. कुळ एकच! मंग ही काय अन् ती काय? एकीनं खाल्लं म्हणजे सगळ्यांनी खाल्लं. भागवत, घे पंप."

भागवत तेल लावलेला हात घेऊन उठला. सुकेशनीचा चेहरा उतरला. खरं बोलून आपण आपलंच वर्ष बुडवलं, असं तिला वाटलं असावं. गावातली माणसं मान हलवू लागली, कारण बोलणं कानाला बरोबर वाटत होतं. असं बोलणं कानाला नेहमीच बरोबर वाटतं.

सगुणाबाई बाजेची कड धरून उठली. गुडघ्यानं कुरकुर केली, तिनं ती ऐकली नाही.

"बन्सीधरभाऊ, तुमचा चुलतभाऊ महारुद्र. मागल्या उन्हाळ्यात त्यानं कालव्याचा पाइप फोडून पाणी चोरलं. खरं का खोटं?"

"त्याचा काय संबंध?"

"खरं का खोटं?"

"...खरं."

"आडनाव एक. कुळ एक. देवक एक. मंग पोलिसानं तुमाला काऊन न्हाई नेलं?"

पंडित आधी हसला, मग बाकीचे. पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

"हसू नका," सगुणाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की हसणं थांबलं. "आमाला हे जन्मभर ऐकावं लागलंय. एकानं काई केलं का सगळी वस्ती चोर. आमच्या सासऱ्यानं ऐकलं, आमी ऐकलं. पर ह्या पोरीनं ऐकायचं न्हाई, अन् तिच्या अळ्यांनीबी न्हाई. ज्यानं खाल्लं त्याला धरा. त्या डब्यात हाय तो. धरा."

बन्सीधरनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"बोलायला हुशार हायस, सगुणाबाई. पर कडू ईष, कोळी सोडतो, हे तू गावभर सांगत फिरतीस ते तरी खरं का? कोळी कुणाला सोडत न्हाई. आपण बारक्यापणापासून बघतो."

आखाड्याच्या कुडाला, तुरीच्या दोन झाडांच्या मधे, मोठ्या कोळ्याचं जाळं होतं. मधोमध जाड पांढरी फुली विणलेली, त्या फुलीवर पिवळ्या पट्ट्यांचा कोळी पाय जोडून बसलेला. सगुणाबाई बांधावर गेली. खुळखुळ्याच्या फुलावर भर उन्हात एक पतंग बसला होता, पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके. तिनं हात जवळ नेला तरी तो घाईनं उडाला नाही. तिनं तो दोन बोटांत हळू धरला. त्याच्या मानेपाशी पिवळसर फेस आला.

"बघा," तिनं बोट पुढं केलं. "धरलं का थुंकतो." आणि पतंग जाळ्यात सोडला.

जाळं हललं. कोळी क्षणात धावून आला. कोळ्यानं पुढचे पाय पतंगावर ठेवले, तोंड जवळ नेलं आणि मागं सरला. पुन्हा जवळ आला. सगुणाबाईच्या मनात आलं, चाळीस वर्षांत ह्यानं आपलं मत बदललं असलं तर? मग कोळ्यानं एक धागा तोडला. मग दुसरा. अगदी सावकाश, शिवण उसवल्यासारखा, तो पतंगाभोवतीचा एक एक धागा तोडत गेला. शेवटचा धागा तुटला तसा पतंग खाली पडला, तुरीच्या पानावर क्षणभर बसला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जाळ्याच्या अंगावरूनच उडून बांधाकडं गेला. पळाला नाही. उडत गेला.

"बाबौ," पंडित म्हणाला.

भागवत जाळ्यापाशी वाकून तुटलेली जागा बघत राहिला. मग हळूच त्यानं विचारलं, "अन् मंग ह्या केसाळीचं काय करू?"

सुकेशनीनं डोळे पुसले. "मी तुला गणपतीच्या आधीच सांगितलं होतं. बारक्या असताना एकाच पानावर घोळक्यानं असत्यात, पान पांढरं जाळीदार दिसतं. तेवढीच पानं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायची. तू म्हणलास, तुला काय कळतं."

"म्हणला आसंल," पार्वतीबाई म्हणाली. "आता उद्यापासून बापलेक दोघं तोडा पानं. अन् सगुणा, बस, चहा टाकते. लिंबं उतरवली मी, त्याचं मनावर घेऊ नको."

"लिंबं लोणच्याला घालायची होती," सगुणाबाई म्हणाली आणि बसली.

बन्सीधरनं माफी मागितली नाही. तो तसला माणूस नव्हता. पंप उचलून गोठ्यात ठेवताना म्हणाला, "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी फवारीन. बांध माझा हाय."

"पंधराच लागत्यात," सगुणाबाई म्हणाली.

पंधरा दिवस ती रोज सकाळी नातीबरोबर बांधावर गेली. सुकेशनी मोजायची, सगुणाबाई आकडा लिहायची. सोळाव्या दिवशी बन्सीधरनं शब्दाप्रमाणे बांध फवारला. साठ झाडं करपली, लाल चिंध्या तेवढ्या राहिल्या. पण त्या पंधरा दिवसांत सगुणाबाईनं रोज मूठभर वाळक्या शेंगा कनवटीला बांधून आणल्या होत्या. दुसऱ्या साली पाऊस पडताच तिनं त्या बिया आपल्या घरामागं, विहाराच्या कुंपणाला आणि वस्तीच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, ढोरांचं तोंड पोचणार नाही अशा जागी टोकल्या. त्या भादव्यात वस्तीत भर दुपारी पांढरे ठिपक्यांचे पतंग उडत होते. बन्सीधरच्या बांधावरही खुळखुळा पुन्हा उगवलाच. तो काही त्यानं पेरला नव्हता.

सुकेशनीचं शिक्षण नीलमनं दिलेल्या वर्षातच पुरं झालं होतं. तिच्या प्रबंधात कोळ्याचं प्रकरण आहे आणि पहिल्यांदा कोणी बघितलं तिथं सगुणाबाईचं नाव आहे. सगुणाबाईनं ते पान बोट फिरवत दोनदा वाचलं. नीलमनं पाव्हणा ठरवला नाही.

सगुणाबाई तीन फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, शनिवारी सकाळी, आपल्या घरी वारल्या.